न आलेल्या वीस पेट्या

एप्रिल संपत आला की देवगडात हापूस अंगावर येतो. थोरला भाऊ खळ्यात पेट्या भरतोय, धाकटा फोनवर मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी घेतोय, दोघंही अधूनमधून विक्री करतात आणि शिलकीचा आकडा एकाच डेटाबेसमध्ये आहे. समजा शिल्लक ५०. दोघांनी एकाच वेळी ५० वाचले. थोरल्याने १० विकून ४० लिहिले, धाकट्याने २० विकून त्यावर ३० लिहिले. नोंदीत ३० पेट्या, खळ्यात मात्र २०. थोरल्याची विक्री नोंदीतून पुसलीच गेली.

यावर सरळ उपाय म्हणजे एकाचा व्यवहार पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचा सुरूच करायचा नाही. याला सिरियल शेड्यूल म्हणतात. यात घोळ होत नाही, पण खोळंबा फार होतो. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी मार्गाची. मडगावहून एक गाडी सुटली म्हणून रोह्यापर्यंतची सगळी लाईन अडवली, तर दिवसाला गाड्या जातील किती? म्हणून दोन स्थानकांमधला तेवढा तुकडा एका गाडीला देतात आणि समोरची गाडी क्रॉसिंगला थांबते. डेटाबेसही सगळी वही न अडवता लागणाऱ्या नोंदीलाच कुलूप लावतो.

पण नुसतं कुलूप पुरत नाही. १९७६ साली आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर या चौघांनी नियम मांडला: व्यवहाराने एकदा एखादं कुलूप सोडलं की पुन्हा नवं घ्यायचं नाही. एवढं पाळलं, तर कामं एकमेकांत कितीही मिसळली तरी निकाल कुठल्या तरी सिरियल क्रमासारखाच येतो. आधी थोरला की आधी धाकटा, याला महत्त्व नाही. शेवटी २०च उरतात.

इथवर आलं की अनेकांना विषय संपला असं वाटतं. मला खरी अवघड जागा पुढेच दिसते.

आता शिल्लक ५ धरू. बागेतून २० पेट्या आल्या म्हणून थोरल्याने २५ लिहिले आणि कुलूप सोडलं. व्यवहार अजून कमिट, म्हणजे पक्का, झालेला नाही. धाकट्याने ते २५ वाचले, २२ पेट्या विकल्या, ३ लिहून कमिट केलं. गिऱ्हाइकाला मेसेजही गेला. एवढ्यात कळलं, की टेम्पोतल्या पेट्या शेजारच्या बागेतल्या! थोरल्याने आपली नोंद रद्द केली. पाच पेट्यांतून बावीस विकल्या गेल्या, आणि दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

क्रम बघा: आधी थोरला, मग धाकटा. कुलपाचा नियमही कुठे मोडला नाही. तरी व्यवहार सावरता येत नाही, म्हणून हे शेड्यूल ‘रिकव्हरेबल’ नाही. त्यासाठी अट अशी, की ज्याचा कच्चा आकडा वाचला, त्याच्या आधी आपण कमिट करायचं नाही. ही अट पाळली असती, तर थोरल्यापाठोपाठ धाकट्याचीही नोंद रद्द करता आली असती. मात्र धाकट्याचा कच्चा आकडा आणखी कुणी वाचला असेल, तर त्याचीही रद्द करावी लागते, आणि ही रांग लांबतच जाते.

म्हणून बरेच डेटाबेस लिहिलेल्या नोंदीचं कुलूप कमिट होईपर्यंत सोडतच नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये वाचणाऱ्याला थांबावंही लागत नाही; त्याला आधीचा पक्का आकडा दिसतो. तिथे थोरल्याची नोंद पक्की होईपर्यंत धाकट्याला पाचच पेट्या दिसल्या असत्या, आणि फोनवर त्याने पाचच कबूल केल्या असत्या.