समग्र मागणी-पुरवठ्याला बसणारे आर्थिक धक्के

देशाचे एकूण उत्पादन आणि सर्वसाधारण किंमत पातळी या दोहोंना हलवणाऱ्या अनपेक्षित घटनेला समष्टी अर्थशास्त्रात धक्का म्हणतात. अवर्षण, युद्ध, खनिज तेलाची दरवाढ, बँकांची पडझड, साथीचा रोग ही त्याची नेहमीची रूपे. आधी जाहीर झालेली करवाढ धक्क्यात मोडत नाही, कारण लोक आपल्या खर्चात आणि करारांत ती धरूनच चालतात.

समग्र मागणी म्हणजे दिलेल्या किंमत पातळीला घरगुती उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निव्वळ निर्यात मिळून होणारी एकूण मागणी. किंमत पातळी चढली की हातातल्या पैशाची क्रयशक्ती घटते, व्याजदर वाढतात, निर्यात महाग होते. म्हणून आडव्या अक्षावर उत्पादन आणि उभ्या अक्षावर किंमत पातळी घेऊन काढलेला मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. अल्पकालीन समग्र पुरवठ्याचा वक्र वर चढतो, कारण भाव लवकर हलतात आणि पगार, भाडी, कच्च्या मालाचे करार मागे रेंगाळतात. तेवढ्या काळापुरता उत्पादकाचा नफा वाढतो आणि तो जास्त माल काढतो. करार नव्याने झाले की हा फायदा संपतो. दीर्घकालीन पुरवठा वक्र त्यामुळे उभा काढतात. त्याची जागा श्रमिकांची संख्या, यंत्रसामग्री, सिंचन, वीज आणि तंत्रज्ञान यांवरून ठरते, किंमत पातळीवरून नव्हे.

धक्का ओळखताना आधी उत्पादन आणि भाव कोणत्या दिशेने गेले ते पाहावे. दोन्ही एकाच दिशेने गेले तर मागणीचा वक्र सरकला असे समजावे. विरुद्ध दिशांना गेले तर पुरवठ्याचा. विद्यार्थी नेहमी चुकतात ते इथे : भाव वाढले म्हणून मागणी घटली, तर ती वक्रावरची हालचाल असते, वक्राचे सरकणे नव्हे.

२००८ च्या जागतिक वित्तीय संकटात भारताला बसलेला धक्का मुख्यतः मागणीचा होता. निर्यात आटली, परकी भांडवल परत गेले, उद्योगांनी विस्ताराचे बेत पुढे ढकलले. वाढीचा वेग मंदावला आणि २००९ च्या मध्याला घाऊक किमतींची वाढ शून्याखाली गेली. अशा वेळी उपाय सरळ असतो, कारण व्याजदर उतरवले की उत्पादन आणि भाव दोन्ही सावरतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ दरम्यान रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने अल्पकालीन कर्ज देते तो दर, ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला आणि केंद्राने उत्पादन शुल्क कमी केले. अवघड ठरले ते या सवलती वेळेवर मागे घेणे. २००९ चा पाऊस तुटला, अन्नधान्य महागले आणि मोकळा पैसा त्याच भाववाढीला पूरक ठरला.

पुरवठ्याच्या धक्क्यात असा सरळ उपाय नसतो. वक्र डावीकडे सरकतो, उत्पादन घटते आणि त्याच वेळी भाव चढतात. यालाच मंदीयुक्त भाववाढ किंवा स्टॅगफ्लेशन म्हणतात. भाव आवरायला व्याजदर वाढवावे तर उत्पादन आणखी घसरते, रोजगार वाचवायला पैसा सैल सोडावा तर भाववाढ मुरते.

भारतातले याचे सर्वांत ठळक उदाहरण १९७२ ते १९७५ या काळातले आहे. १९७२ चा मान्सून फसला आणि अन्नधान्य उत्पादन सुमारे १०.५ कोटी टनांवरून १९७२-७३ मध्ये ९.७ कोटी टनांवर आले. बाजार सावरण्यापूर्वीच ऑक्टोबर १९७३ चे अरब-इस्रायल युद्ध आणि तेलबंदी आली. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेले तेल जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेले. डिझेल, खते, वाहतूक सगळेच महागले. मे १९७४ मध्ये देशव्यापी रेल्वे संप झाला. सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक किमतींची वार्षिक वाढ ३० टक्क्यांच्या वर पोचली.

तेल आयात करणाऱ्या देशात असा धक्का मागणीलाही मारतो. वाढीव दराने दिलेला पैसा देशाबाहेर जातो आणि तेवढी क्रयशक्ती इथल्या कापडाच्या, साबणाच्या, सायकलच्या बाजारातून उणी होते. दुष्काळाचेही तसेच. शेत पिकले नाही म्हणजे धान्याचा पुरवठा घटतोच, शिवाय शेतमजुराची मजुरीही बुडते. दुकानात धान्य असूनही ते घ्यायला पैसा नाही, ही अवस्था त्यातूनच येते. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे अशी कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, रेशनवर मायलो (आयात केलेली लाल ज्वारी) आला, सुकडी (कोरडा पौष्टिक आहार) वाटली गेली. पुरवठ्याचा खड्डा आयातीने आणि मागणीचा खड्डा मजुरीने भरायचा, हे दोन्ही एकत्र करावे लागते. नुसते धान्य आणून भागत नाही. रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप १९७७ मध्ये मिळाले.

पहिल्या तडाख्यानंतर काय होते यावर धक्क्याचे आयुष्य ठरते. भाव एकदा वरच्या पायरीवर जाऊन थांबले तर वर्षभरात भाववाढीचा दर आपोआप उतरतो. महागाई भत्ता, नवे वेतन करार, व्यापाऱ्यांची साठेबाजी आणि 'भाव असेच वाढणार' ही धारणा यांत तो धक्का शिरला की दुसरी फेरी सुरू होते आणि पुरवठा वक्र पुन्हा डावीकडे सरकतो. जुलै १९७४ मध्ये सरकारने नेमका हाच दुवा तोडला : वाढीव पगार एक वर्षासाठी आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग दोन वर्षांसाठी सक्तीच्या ठेवीत गेला, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा आली, बँक दर ७ वरून ९ टक्क्यांवर गेला. पगारदारांना हे फार जाचक होते. १९७५-७६ चे पीक १२.१ कोटी टनांचे आले आणि त्या वर्षी घाऊक भाव सुमारे एक टक्क्याने उतरले. या यशाचे सगळे श्रेय धोरणाला देणे चूक ठरेल. पावसाचा वाटा मोठा होता.

अमेरिकेत मात्र दुसरी फेरी अडवली गेली नाही. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतरच्या तेल दरवाढीने किरकोळ भाववाढ मार्च १९८० मध्ये १४.८ टक्क्यांवर गेली. फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी अल्पकालीन व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले तेव्हा ती मोडली. त्याची किंमत म्हणून १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली.

२०२० च्या टाळेबंदीत दोन्ही वक्र एकदम डावीकडे सरकले. अशा वेळी उत्पादन घटणार हे निश्चित असते, भाव कुठे जातील ते सांगता येत नाही. एप्रिल-जून २०२० मध्ये भारताचे स्थूल देशांतर्गत उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी आकसले, तरी किरकोळ भाववाढ त्या वर्षी बहुतेक महिने ६ टक्क्यांच्या वर राहिली. जगात तेल कोसळले होते, पण मार्च आणि मे मध्ये उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे एकूण १३ आणि डिझेलवर १६ रुपयांनी वाढवल्याने तो अनुकूल धक्का पंपापर्यंत पोचलाच नाही. पुढे युक्रेन युद्धाने तेल, खाद्यतेल आणि खते महागली. जानेवारी २०२२ पासून सलग तीन तिमाह्या किरकोळ भाववाढ रिझर्व्ह बँकेला घालून दिलेल्या ६ टक्क्यांच्या कमाल मर्यादेबाहेर राहिल्यामुळे तिला त्या वर्षी कायद्याप्रमाणे केंद्र सरकारला कारणांचा अहवाल द्यावा लागला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला.

प्रत्येक पुरवठा धक्क्याला व्याजदराने उत्तर द्यायचे नसते, हे जुलै २०२३ मध्ये दिसले. किरकोळ भाववाढ ७.४४ टक्क्यांवर गेली होती. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या तेव्हाच्या निर्देशांकात भाज्यांचा भारांक, म्हणजे शंभरातला वाटा, ६.०४ होता आणि त्या महिन्यात भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा ३७ टक्क्यांनी महाग होत्या. ढोबळ गुणाकार केला तर ७.४४ पैकी सुमारे सव्वादोन अंक एकट्या भाज्यांचे होते. त्यातही टोमॅटोचा भाव तिप्पट झालेला. टोमॅटोचे नवे पीक दोन-अडीच महिन्यांत बाजारात येते, तर व्याजदरवाढीचा परिणाम पोचायला कित्येक तिमाह्या लागतात. खाद्यपदार्थ व इंधन वगळून काढलेली भाववाढ ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे दुसरी फेरी सुरू झालेली नव्हती. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वर तसाच ठेवला आणि सप्टेंबरमध्ये भाववाढ ५.०२ टक्क्यांवर आली.

केंद्राने मात्र त्याच ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यात बंद केली. ही बंदी मे २०२४ पर्यंत टिकली. देशांतर्गत पुरवठा यामुळे उजवीकडे सरकतो आणि ग्राहकाचा भाव आटोक्यात राहतो. भार पडतो तो नाशिक-लासलगाव पट्ट्यातल्या उत्पादकाच्या उत्पन्नावर, आणि पुढच्या हंगामात किती एकरांवर कांदा लावायचा हे तो हातात आलेल्या याच भावावरून ठरवतो.