गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : "गॅस संपलाय, भरावा लागेल." मेकॅनिक सिलिंडर घेऊन येतो, गेज लावतो आणि थोड्या वेळात एसी पुन्हा गार हवा सोडू लागतो. पण एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नसतो. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. खोलीतल्या कॉइलमध्ये उकळताना तो उष्णता शोषतो आणि कॉम्प्रेसरने दाबला की बाहेरच्या युनिटमध्ये ती सोडून देतो. हीच फेरी उलटी फिरवली की थंड देशांत घर उबदार ठेवणारा हीट पंप होतो. गॅस कमी झाला म्हणजे एखाद्या सैल नटमधून किंवा गंजलेल्या नळीतून तो बाहेर पडला. शीतक रसायनांचा सगळा इतिहास मला या एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : गळलेला गॅस जातो कुठे, आणि तिथे काय करतो?

सुरुवातीला तो माणसाच्या नाकातोंडातच जात होता. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी जर्मनीत अमोनियावर चालणारी यंत्रं बनवली. जहाजांवर कार्बन डायऑक्साइड वापरात आला. १९२० च्या दशकात फ्रिज घरात शिरला तो सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड पोटात घेऊन, आणि हे दोन्ही विषारी. बर्लिनमधलं एक कुटुंब रात्रीत अशा गळतीने दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ सहकारी लिओ झिलार्ड हलणारे भाग नसलेल्या फ्रिजच्या मागे लागले, असं सांगतात. त्यांना त्याचं पेटंटही मिळालं, पण तो फ्रिज बाजारात आला नाही.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी फ्रिऑन हा क्लोरीनयुक्त शीतक वायू शोधला. न पेटणारा, विषारी नसलेला, वास नसलेला. १९३० मध्ये मिजलींनी रसायनशास्त्रज्ञांसमोर तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. त्या काळच्या घरांसाठी हा खरोखर मोठा दिलासा होता, हे विसरून चालणार नाही. गळती थांबली नव्हती, पण घरातलं कोणी तिने मरत नव्हतं. त्यामुळे तिच्याकडे पाहायचं कारणच उरलं नाही.

या कथेतला मला सगळ्यात भावणारा माणूस मदुराईत जन्मलेला. वीरभद्रन रामनाथन हे १९६० च्या दशकात सिकंदराबादला एका रेफ्रिजरेशन कंपनीत तरुण इंजिनिअर होते आणि गॅस का गळतो हे शोधणं हेच त्यांचं काम होतं. पुढे ते अमेरिकेत वातावरणाच्या अभ्यासाकडे वळले. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की हे क्लोरीनयुक्त वायू वर जाऊन ओझोन खातात. पुढच्याच वर्षी रामनाथन यांनी दुसरी बाजू मांडली : यातला एक रेणू उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो रेणूंना भारी पडतो. ज्या गळतीच्या मागे ते सिकंदराबादला लागले होते, तिचा पत्ता त्यांना आकाशात सापडला.

जगाने आधी ओझोनचं ऐकलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जाहीर झालं आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन खाणाऱ्या वायूंना आवर घालणारा माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. क्लोरीन वगळलेले एचएफसी वायू आले, फ्रिजमध्ये आर-१३४ए, एसीत आर-४१०ए. ओझोन वाचला, पण रामनाथन यांनी मांडलेला प्रश्न तसाच राहिला. आर-४१०ए एक किलो गळला की शंभर वर्षांच्या हिशेबात दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.

दुसरी वाट पूर्व जर्मनीतून निघाली. १९९२ मध्ये सॅक्सनीतला शार्फेनस्टाइनचा फ्रिज कारखाना बंद पडायच्या बेतात होता. डॉर्टमुंडच्या आरोग्य संस्थेतल्या दोघा संशोधकांनी प्रोपेन आणि ब्युटेनच्या मिश्रणावर फ्रिज चालवून दाखवला होता. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने त्या कारखान्याला असे दहा नमुना फ्रिज बनवायला सांगितले. पुढच्या वर्षी 'ग्रीनफ्रीझ' बाजारात आला आणि ते तंत्र सर्वांना खुलं ठेवलं गेलं. प्रोपेन-ब्युटेन म्हणजे आपल्या शेगडीचाच गॅस. तो पेटतो म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण फ्रिजमध्ये तो असतो ५०-६० ग्रॅम, आणि शेगडीच्या सिलिंडरात १४.२ किलो. आज फ्रिजमागच्या पाटीवर 'आर-६००ए' दिसलं तर तो आयसोब्युटेन, ग्रीनफ्रीझचाच वारस.

एसीचं गणित मात्र अवघड. तिथे गॅस जास्त लागतो आणि युनिट माणसांच्या खोलीत असतं. तरी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने जर्मन तांत्रिक मदतीने प्रोपेनवरचे, म्हणजे आर-२९० चे एसी बनवले. २०१२ मध्ये ते बाजारात आले. आपल्या महामार्गालगत झालेलं हे काम मराठी वाचकाला फारसं माहीत नाही, याची खंत वाटते. बाकी बाजार मुख्यतः आर-३२ कडे गेला. त्याचा तापवण्याचा आकडा, म्हणजे तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो किती पट तापवतो, ६७५, आर-४१०ए च्या एक तृतीयांश. प्रोपेनचा ३ किंवा त्याहूनही कमी.

प्रोपेनची गळती आकाशाला जवळजवळ निरुपद्रवी, पण धोका पुन्हा खोलीत आलाय. शेगडीच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, शीतक म्हणून वापरायच्या प्रोपेनमध्ये तो नसतो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. म्हणून मेकॅनिकने आधी खिडक्या उघडायच्या, नळ्यांतला गॅस पूर्ण काढायचा आणि मगच नळी जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवायचा. आर-२२ या आधीच्या क्लोरीनयुक्त वायूवर चालणाऱ्या जुन्या एसीत 'स्वस्त पडतो' म्हणून प्रोपेन भरणं तर जिवावर बेतणारं, कारण त्या एसीतले स्विच आणि वायरिंग पेटत्या वायूसाठी बनवलेलेच नसतात.

१५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातल्या किगालीत एचएफसीही माँट्रियल कराराखाली आले. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपला पाया, म्हणजे ज्या वापराशी तुलना करून कपात मोजायची तो, २०२४ ते २०२६ या वर्षांवरून ठरतो, वापर २०२८ ला गोठवायचा, २०३२ पासून उतरवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा. या उन्हाळ्यात भिंतीवर चढणारे बरेच एसी २०३२ लाही चालू असतील, आणि त्यांतले काही तोवर दोन-तीनदा 'भरून' झालेले असतील.