कपडेपट : जुन्या कोल्हापुरी चित्रपटांची वेशभूषा

कपडेपट हा मूळचा नाटक कंपनीतला शब्द. पात्रांचे कपडे, दागिने, पागोटी, जोडे यांचा साठा म्हणजे कपडेपट, आणि तो सांभाळणारे खातेही कपडेपटच. चेहरा रंगवायची जागा ती रंगपट. कोल्हापुरात चित्रपट सुरू झाला तो नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकारांच्या हातून, त्यामुळे हे दोन्ही शब्द स्टुडिओतही रुळले. साधारण १९२० ते १९७२ या काळातील कोल्हापूरशी जोडलेल्या चित्रपटांतले कपडे कसे पाहावेत, कसे ओळखावेत आणि त्यांविषयी लिहिताना कुठे चुकते, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

चित्रकारांचा कपडेपट

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. नेपथ्य, पोस्टर आणि पोशाखांची रेखाटने या तिन्हींवर त्यांचाच हात फिरे. त्यांच्या कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि कलादिग्दर्शनाची बाजू फत्तेलाल यांच्याकडे राहिली. म्हणजे कपडा निवडणारी नजर शिंप्याची नव्हती, चित्रकाराची होती. चौकटीत गडद कुठे हवे, फिकट कुठे हवे, पदराची रेघ कोणत्या बाजूला न्यायची, हे आधी ठरे. कापड कोणते, हा प्रश्न नंतरचा. या काळातल्या वेशभूषेकडे पाहताना हा क्रम विसरला की बाकी सगळे वाचन वाकडे जाते.

पौराणिक पोशाखाला दोन उगम होते. एक राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांचा, ज्यांनी देवींना नऊवारी नेसवून घराघरांत नेले. दुसरा संगीत नाटकाचा, जिथून शालू, शेले, मखमलीचे जरीकाम आणि मुकुट आले. 'सावकारी पाश' (१९२५) या दोन्ही वाटा सोडतो. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याच्या या गोष्टीत मखमलीला जागाच नव्हती. गावातला माणूस गावातल्याच कपड्यात दाखवायचा, ही कोल्हापूरची पुढे दीर्घकाळ टिकलेली खोड इथून सुरू होते.

फिल्मने बदललेले रंग

मूकपटांच्या काळात वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी असते. लाल आणि दाट नारिंगी तिच्यावर जवळजवळ काळे उमटतात, निळा पांढुरका पडतो. लाल शालू काळा दिसतो, कुंकू काळा ठिपका होते, ओठ गडद होतात, आणि गव्हाळ चेहराही हवा त्यापेक्षा सावळा आणि डागाळलेला येतो. म्हणून तोंडावर फिक्या रंगाचा जाड थर द्यावा लागे. कृष्णाचा सावळेपणा निळ्या रंगाने दाखवायला गेले तर उलट तो उजळतो. पुढे पॅन्क्रोमॅटिक फिल्म आली. तिला सगळे रंग दिसतात, तरीही लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेवर येऊ शकतात. हिरव्या साडीवर लाल काठ प्रत्यक्षात उठून दिसतो, पडद्यावर तोच काठ पोटात विरून जातो.

पांढऱ्याचा त्रास वेगळा. धुऊन नीळ दिलेले धोतर उन्हात किंवा आर्क दिव्यासमोर (स्टुडिओतला फार प्रखर विजेचा दिवा) इतके पेटते की निऱ्या आणि चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा ठोकळा उरतो, आणि शेजारचा चेहरा काळवंडतो. उपाय साधा असतो : कापड चहाच्या कोमट पाण्यात किंवा अगदी फिक्या पिवळसर रंगात बुडवून वाळवायचे. डोळ्याला ते मळकट वाटते, फिल्मवर शुभ्र दिसते. जरीचे दुखणे असे की सरळ उजेड पडला की काठाभोवती प्रकाशाची साय धरते आणि नक्षी वाचता येत नाही. 'सिंहगड' (१९२३) मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. दिवा आल्यावर जरीचा हा प्रश्न आणखी नेमका झाला, कारण दिवा जवळ असतो आणि एकाच बाजूने येतो. मखमल याच्या उलट वागते. ती उजेड गिळते, त्यामुळे जांभळी, हिरवी, लाल अशी कुठलीही मखमल काळीच वाटते.

बोलपटाने कानाचीही अडचण आणली. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा मराठीतला पहिला बोलपट. काचेच्या बांगड्यांची किणकिण आणि कडक रेशमाची सळसळ माइक शब्दांइतक्याच इमानाने टिपतो. १९३३ मध्ये प्रभातने 'सैरंध्री' रंगीत काढायचा प्रयत्न केला, त्याच्या प्रिंट जर्मनीत झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

नेसलेले आणि शिवलेले

नऊवारी म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर कापड. पुढे निऱ्या, पायांमधून मागे नेऊन खोचलेला काष्टा, डाव्या खांद्यावरून पदर. नेसलेले वस्त्र दर वेळी थोडे वेगळे बसते. एकाच प्रसंगाचे दोन तुकडे दोन दिवसांनी चित्रित झाले असतील तर पदराची लांबी, निऱ्यांची संख्या आणि काठ घोट्यापासून किती वर आहे, या तीन ठिकाणी फरक सापडतो. तो शोधणे हा जुने चित्रपट पाहण्यातला खरा आनंद आहे, आणि तो दिग्दर्शकाचा गुन्हा म्हणून मांडू नये.

शिवलेली नऊवारी ओळखता येते. चालताना निऱ्या उघडत-मिटत नाहीत, एकाच पट्टीसारख्या हलतात. मागचा काष्टा मधोमध सरळ शिवणीवर उभा राहतो. बसून उठल्यावर पात्राला काहीही सावरावे लागत नाही. खऱ्या नेसलेल्या साडीत उठताना हात आपोआप निऱ्यांकडे जातो. घोडदौड आणि लावणीचा नाच या दोन जागी शिवलेल्या साडीचा मोह जास्त. तमाशापटांत, म्हणजे अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) सारख्या चित्रपटांत, पदर कंबरेला कसा आवळला आहे आणि साडी पोटरीवर किती चापून बसली आहे हे पाहावे. बैठकीच्या लावणीत आणि फडावरच्या लावणीत नेसण्याची घट्टी सारखी नसते.

कोल्हापूर भागात इरकली साडीचे राज्य होते. इरकलचे अंग आणि पदर वेगवेगळ्या ताण्यांचे (उभ्या धाग्यांचे) असून विणताना कोंडी, म्हणजे धाग्यांचे फासे, घालून जोडलेले असतात, हाच टोपपदर. लाल पदरावरचे पांढरे पट्टे काळ्या-पांढऱ्या फिल्मवरही स्पष्ट उमटतात, आणि पट्टे जिथे एकदम सुरू होतात तिथे जोडाची आडवी रेघ दिसते. ती दिसली की 'इरकली' असे खात्रीने लिहिता येते. नुसत्या बारीक चौकड्यांवरून नाही.

चोळी हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. पुढे गाठ मारायची खणाची चोळी आणि हुकांचा, टक्स घातलेला ब्लाउज यांत छातीवरची शिवण बोलते. सतराव्या शतकातली बाई १९५०–६० च्या टोकदार टक्सच्या ब्लाउजमध्ये असेल तर चित्रपट कधी काढला हे तिथेच कळते. केसांचा फुगा आणि कोरलेल्या भुवयाही असेच वर्ष सांगतात.

दागिन्यांची नावे घाईत चुकतात. ठुशी बारीक मण्यांची, गळ्यालगत घट्ट. वज्रटीक कापडी पट्टीवर बसवलेली, म्हणून ती कापडासारखी वळते. बोरमाळेचे मणी बोराएवढे आणि सुटे. पुतळ्यांच्या माळेत चपट्या चकत्या. कोल्हापुरी साज छातीपर्यंत उतरतो आणि त्यात परंपरेने एकवीस पाने मोजतात, दशावताराची दहा आणि अष्टमंगलाची आठ धरून. पडद्यावर पाने मोजता येत नाहीत, पण मण्यांच्या मधून लोंबणाऱ्या वेगवेगळ्या आकारांच्या पानांवरून साज ओळखतो. सगळी पाने एकसारखी असली तर ती बहुधा कपडेपटातली पितळी नक्कल.

ऐतिहासिकपट

दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांच्या कोल्हापुरातल्या जयप्रभा स्टुडिओने ऐतिहासिक मराठी चित्रपटाला चेहरा दिला. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओ होरपळला, तरी 'छत्रपती शिवाजी' (१९५२) पासून 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) पर्यंतचे काम त्यानंतरचे आहे. १९५२ च्या चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका करणारे चंद्रकांत मांडरे स्वतः चित्रकार होते. राजारामपुरीत त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. वेश अंगावर कसा उभा राहतो याची जाण नटालाच असली की काय होते, ते त्यांच्या उभे राहण्यात दिसते : शेला खांद्यावरून घसरत नाही आणि तरी तो सावरताना हात दिसत नाही.

इथे तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, बंद. बाराबंदीला बारा बंद असतात आणि ती कंबरेपर्यंत आखूड. गुडघ्याखाली गेला तो अंगरखा किंवा जामा. जुन्या चित्रांत हिंदूंच्या जाम्याचे बंद डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांचे उजव्या बगलेखाली असतात. दुसरी, डोक्यावरचे. फेटा दर वेळी बांधायचा असतो, पगडी एकदा बांधून-शिवून तयार ठेवलेली असते. झटापटीनंतर घडी जशीच्या तशी राहिली तर ती पगडी, किंवा टाके मारलेला फेटा. तिसरी, जिरेटोप. शिवकालीन लघुचित्रांत महाराजांच्या डोक्यावर पिसाचा तुरा लावलेले पागोटे दिसते. पडद्यावरचा ठरीव जिरेटोप चित्रकारांच्या नंतरच्या परंपरेतून आला आहे. हे नोंदवावे, आणि प्रेक्षकाच्या मनातली ओळख जपण्यासाठी दिग्दर्शकाने तो का ठेवला हेही समजून घ्यावे.

'साधी माणसं' (१९६५) हे भालजींचे दुसरे टोक. लोहाराच्या घरातल्या जोडप्याचे कपडे कामाचे आहेत. भात्यापाशी बसणाऱ्या माणसाच्या अंगावर इस्त्रीची घडी नको, हा नियम इथे पाहण्यासारखा आहे. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) मध्ये तर मास्तरांचा शुभ्र पोशाख हीच गोष्ट आहे : तो गेला की माणूस गेला. रंगीत चित्रपटात पांढऱ्याला एवढे काम क्वचित मिळते.

भानू अथैया

वेशभूषाकार भानू अथैया, माहेरच्या भानुमती राजोपाध्ये, यांचा जन्म कोल्हापूरचा (१९२९). वडील अण्णासाहेब चित्रकार. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, मासिकांसाठी फॅशनची रेखाटने, आणि पुढे हिंदी चित्रपट. 'आम्रपाली' (१९६६) मधल्या वस्त्रांमागे अजिंठ्याची भित्तिचित्रे आहेत. 'गांधी' (१९८२) साठी जॉन मोलो यांच्यासह वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'लेकिन' आणि 'लगान' यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार. २०१२ मध्ये त्यांनी ते ऑस्कर सुरक्षित राहावे म्हणून अकादमीकडे परत सोपवले. त्यांचे निधन २०२० मध्ये झाले. 'गांधी' पाहताना सुटाबुटापासून पंचापर्यंतचा प्रवास सलग न पाहता फक्त गळ्याभोवतीचे कापड पाहावे. कॉलर, टाय, मग बंद गळा, मग नुसती शाल, अशी पायरी पायरीने मान मोकळी होत जाते.

पाहण्याची आणि लिहिण्याची रीत

चित्रपट दोनदा पाहावा : पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा आवाज बंद करून कपड्यांसाठी. आधी प्रत कशी आहे ते पाहावे. मूकपट सेकंदाला सोळा ते अठरा चित्रांनी घेतलेला असतो. तो चोवीसने चालवला की हालचाल दीडपटीपर्यंत वाढते आणि जड शालू मलमलीसारखा फडफडतो. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवण्यासाठी वरून-खालून छाटले असेल तर उंचीचा चौथा भाग जातो, आणि नेमके फेट्याचा तुरा आणि पायताण तिथेच असतात. पायताण दिसलेच तर कान, अंगठा आणि वेणी यांवरून कोल्हापुरी चपलेची ओळख पटते.

छायाचित्र उलटे छापले गेले असेल तर त्यावर लिहिलेले सगळे उलटते. पदर उजव्या खांद्यावर, नथ उजव्या नाकपुडीत आणि तलवार उजव्या कमरेला असे एकत्र दिसले की चित्र उलटे आहे. प्रसिद्धीची छायाचित्रे बऱ्याचदा चित्रणाच्या वेळेबाहेर काढलेली असतात. त्यांतला पोशाख चित्रपटात असेलच असे नाही. पोस्टरवरचा रंग हा पोस्टर रंगवणाऱ्याचा रंग. गाण्यांच्या चोपडीवरचाही तसाच.

नोंद डोक्यापासून पायापर्यंत लिहावी, आणि वेळ टिपावी. नमुना असा : "बाविसावे मिनिट, विहिरीचा काठ. साडी गडद, बारीक चौकड्यांची, काठ फिकट, अंदाजे चार बोटे. पदर डाव्या खांद्यावरून डोक्यावर, टोक उजव्या हाताखाली खोचलेले. चोळी कोपरापर्यंत, पुढे गाठ. गळ्यात ठुशी, खाली बहुधा बोरमाळ. पाय अनवाणी." काळ्या-पांढऱ्या चित्रपटाबद्दल 'काळी', 'लाल' हे शब्द लिहूच नयेत, 'गडद', 'मध्यम', 'फिकट' एवढेच खरे. 'पारंपरिक वेशभूषा' आणि 'राजेशाही थाट' या दोन शब्दप्रयोगांनी वाचकाला काहीच दिसत नाही. दिसले ते आणि अंदाज केला ते वेगळे ठेवावे.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) हे जुन्या प्रतींसाठी पहिले ठिकाण. नायट्रेट फिल्म पेट घेणारी आणि आपसूक कुजणारी असल्याने कोल्हापूरचे बहुतेक मूकपट उरले नाहीत. अशा चित्रपटांचे कपडे छायाचित्रांवरून आणि पोस्टरवरूनच मांडावे लागतात, आणि तसे पहिल्याच ओळीत सांगावे.

उरलेले कपडे

घरोघरच्या पेट्यांत एखादा अंगरखा, शेला, पगडी अजून सापडते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यांना दोन शत्रू : दमट हवा आणि खळ. खळीवर कसर येते, म्हणून खळीचे कापड तसेच ठेवू नये. प्लास्टिकची पिशवी ओल कोंडते. मांजरपाट आधी धुऊन, त्याची खळ काढून, त्यात वस्त्र सैल गुंडाळावे. जरीचे असेल तर घडी न घालता नळीवर जरीची बाजू वर ठेवून गुंडाळावे, कारण जर घडीवर मोडते. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नये. लावलेली टाचणी गंजते आणि भोवती तपकिरी डाग धरते, तेव्हा प्रथम टाचण्या काढाव्यात. कापडाला चिठ्ठी टाचू नये. चित्रपट, पात्र आणि वस्तू कोणाकडून आली ही माहिती पेन्सिलने सुती पट्टीवर लिहून ती पट्टी सोबत ठेवावी. आतल्या शिवणीत शाईने लिहिलेले नटाचे नाव किंवा आकडा सापडला तर तो डाग समजून धुऊ नये.