शेअर्ड पॉइंटरमागची पन्नास वर्षं

सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्याला आज सुरुवातीलाच बजावलं जातं: मेमरी मागणारं न्यू आणि ती परत करणारं डिलीट हाताने लिहू नकोस, मेमरीतल्या जागेकडे बोट दाखवणारा आणि ती आपोआप सोडणारा स्मार्ट पॉइंटर वापर. सल्ला अगदी योग्य आहे. पण शेअर्ड पॉइंटर, म्हणजे एकच जागा अनेक मालकांना मिळून वापरू देणारा स्मार्ट पॉइंटर, त्या भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत यायला 2011 साल उजाडलं, आणि त्यामागची कल्पना आहे 1960 ची. मधे काय काय अडलं ते कळलं, की हा पॉइंटर कुठे वापरावा आणि कुठे टाळावा याचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

एप्रिल 1960 मध्ये जॉन मॅकार्थी यांचा लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरचा शोधनिबंध आला. मोकळी मेमरी संपली की थांबायचं, प्रोग्रामला जिथवर पोचता येतं त्या सगळ्या जागांवर खूण करायची आणि बिनखुणेच्या जागा परत घ्यायच्या, ही गार्बेज कलेक्शनची रीत त्यात होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयबीएमच्या जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट दाखवली. मेमरी जवळजवळ भरलेली असताना खुणा करत फिरण्याचे कष्ट सगळे करायचे आणि हाती जागा मात्र थोडीच लागायची, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. त्यांचा उपाय असा: एखादी यादी अनेकांनी मिळून वापरायची असेल, तर ती किती ठिकाणांहून वापरात आहे याचा आकडा तिच्याजवळच ठेवायचा. नवा वापरणारा आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा, शून्य झालं की जागा सोडा. सगळं काम जागच्या जागी होतं, मधेच थांबावं लागत नाही.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल व्यवस्थेतही हीच मोजणी चालते. तिथे फाइल पुसायला वापरतात ती आरएम ही आज्ञा खरं तर फाइलचं एक नाव काढते. नावांचा आकडा शून्यावर आला आणि कोणत्याही प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवलेली नसली, तरच डिस्कवरची जागा सुटते.

मोजणीतली मेख मात्र फार लवकर सापडली. 1963 मध्ये हॅरोल्ड मॅकबेथ यांनी एका छोट्याशा पत्रात ती दाखवून दिली. ‘अ’ हा ‘ब’कडे बोट दाखवतो आणि ‘ब’ हा ‘अ’कडे. बाहेरच्या जगाने दोघांनाही सोडून दिलं, तरी दोघांचे आकडे एकावर अडून राहतात आणि ती जागा कधीच सुटत नाही. यालाच आपण सायकल म्हणतो, आणि पुढच्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा आडवी येते.

सी प्लस प्लसमध्ये ही मोजणी चपखल बसली ती डिस्ट्रक्टरमुळे, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणाऱ्या कोडमुळे. फंक्शनमधून बाहेर पडताना, मग ते रिटर्नने असो वा एक्सेप्शनने, म्हणजे मधेच उद्भवलेल्या चुकीमुळे, आतल्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालणारच याची भाषा हमी देते. कॉपी करताना कॉपी कन्स्ट्रक्टर आकडा वाढवतो, डिस्ट्रक्टर कमी करतो, माणसाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. याउलट मायक्रोसॉफ्टच्या कॉम या प्रोग्रामचे भाग जोडणाऱ्या व्यवस्थेत आकडा वाढवणारं ॲडरेफ आणि घटवणारं रिलीज हाताने लिहावं लागे. एक रिलीज राहिला की मेमरी गळते, एक जास्त झाला की प्रोग्राम कोसळतो.

असं असूनही उशीर झाला. 1994 मध्ये ग्रेग कॉल्विन यांनी सी प्लस प्लसच्या मानक समितीपुढे दोन प्रकार मांडले: एकाच मालकाचा ऑटो पॉइंटर आणि मोजणी करणारा काउंटेड पॉइंटर. समितीने दुसरा नाकारला आणि पहिल्याला एक विचित्र वळण दिलं. ऑटो पॉइंटरची कॉपी केली की मूळ पॉइंटरच रिकामा व्हायचा! त्यामुळे तो व्हेक्टरमध्ये, म्हणजे सी प्लस प्लसच्या वाढत्या यादीत, ठेवण्याची सोयच उरली नाही. माझ्या मते त्या भाषेच्या लायब्ररीतली ही सर्वांत महागात पडलेली चूक.

ती निस्तरली बूस्ट या सी प्लस प्लसच्या लायब्ररीसंग्रहाने. तिथे शेअर्ड पॉइंटर घडला, आणि 2002 च्या सुमारास पीटर दिमोव्ह यांनी सगळ्या पॉइंटरांची फेररचना करताना मालकी न घेता नुसतं पाहणाऱ्या वीक पॉइंटरची भर घातली. मॅकबेथ यांच्या सायकलवरचा हा उतारा. शेअर्ड पॉइंटर ऑब्जेक्टशेजारी एक छोटा कंट्रोल ब्लॉक ठेवतो आणि त्यात दोन आकडे असतात, मालकांचा वेगळा आणि नुसत्या पाहणाऱ्यांचा वेगळा. मालकांचा आकडा शून्य झाला की ऑब्जेक्ट जातो, कंट्रोल ब्लॉक मात्र पाहणाऱ्यांसाठी मागे राहतो. म्हणून वीक पॉइंटरला लॉक करून ‘ऑब्जेक्ट अजून आहे का?’ असं विचारता येतं. झाडासारख्या रचनेत आईकडून मुलाकडे शेअर्ड, मुलाकडून आईकडे वीक, एवढं पाळलं की सायकल होत नाही. 2011 च्या मानकात शेअर्ड, वीक आणि एकाच मालकाचा युनिक हे तिन्ही आले. ऑटो पॉइंटर 2017 च्या मानकातून काढून टाकला गेला.

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामात समांतर चालणारी कामं, आले तसा मोजणीचा खर्चही वाढला. दोन थ्रेड एकाच वेळी आकडा बदलू शकतात, म्हणून वाढवणं-घटवणं ॲटॉमिक, म्हणजे मधे कोणाला शिरता येणार नाही असं, करावं लागतं आणि ते साध्या बेरजेपेक्षा बरंच महाग पडतं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेने यासाठी सरळ दोन प्रकार केले: एका थ्रेडपुरता आरसी आणि थ्रेडांमध्ये वाटून घ्यायचा आर्क. आरसी दुसऱ्या थ्रेडकडे पाठवलात तर कंपायलरच अडवतो.

पण सायकलने रस्टलाही सोडलं नाही. मे 2015 मध्ये रस्टची 1.0 आवृत्ती आली, त्याच्या काही आठवडे आधी थ्रेडची एक सोय घाईने मागे घ्यावी लागली. तिची सगळी भिस्त गार्ड नावाच्या एका ऑब्जेक्टवर होती: गार्डचा डिस्ट्रक्टर चालेल, तो थ्रेड संपेपर्यंत थांबेल आणि मगच फंक्शन परतेल. तो गार्ड कोणी आरसीच्या सायकलमध्ये ठेवला तर? डिस्ट्रक्टर चालतच नाही, फंक्शन परत येतं आणि थ्रेड मोकळ्या झालेल्या स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीवर, हात घालतो. 1963 च्या त्या पत्रातलीच ही गोष्ट. 2022 मध्ये ती सोय परत आली ती क्लोजर, म्हणजे चालवायला दिलेला कोडचा तुकडा, घेणाऱ्या फंक्शनच्या रूपात, जिथे थांबण्याचं काम फंक्शन स्वतः करतं, डिस्ट्रक्टरच्या भरवशावर सोडत नाही.