द ग्रेट डेव्हिड रफिन : द मोटाउन सोलो अल्बम्स

अमेरिकन सोल गायक डेव्हिड रफिन (१८ जानेवारी १९४१–१ जून १९९१) याने मोटाउन या डेट्रॉइटच्या ध्वनिमुद्रिका-कंपनीसाठी एकट्याच्या नावावर गायलेल्या अल्बमांचा रीमास्टर केलेला, दोन खंडांचा सीडी-संच. पहिला खंड २००५ मध्ये आणि दुसरा २००६ मध्ये हिप-ओ सिलेक्ट या युनिव्हर्सल म्युझिक समूहातील पुनर्प्रकाशन-लेबलने काढला. पहिल्यात ‘माय होल वर्ल्ड एंडेड’ (१९६९), ‘फीलिन गुड’ (१९६९), ‘डेव्हिड रफिन’ (१९७३) आणि ‘मी अँड रॉक अँड रोल आर हिअर टू स्टे’ (१९७४) हे चार अल्बम आहेत. दुसऱ्यात ‘हू आय अ‍ॅम’ (१९७५), ‘एव्हरीथिंग्ज कमिंग अप लव्ह’ (१९७६) आणि ‘इन माय स्ट्राइड’ (१९७७) हे तीन.

रफिनचा जन्म मिसिसिपी राज्यात मेरिडियनजवळच्या व्हायनॉट या खेड्यात झाला. मूळ नाव डेव्हिस असल्याचे बहुतेक चरित्रपर लेखनात आढळते. थोरला भाऊ जिमी रफिन हाही मोटाउनचा गायक. जानेवारी १९६४ मध्ये डेव्हिड ‘द टेम्प्टेशन्स’ या गायक-पंचकात एल्ब्रिज ब्रायंटच्या जागी आला आणि ‘माय गर्ल’ने १९६५ मध्ये त्या पंचकाला पहिला राष्ट्रीय अव्वल क्रमांक मिळवून दिला. चुकवलेले कार्यक्रम आणि पंचकाच्या नावाआधी आपले नाव यावे हा आग्रह, यांमुळे जून १९६८ मध्ये त्याला काढण्यात आले व डेनिस एडवर्ड्‌स त्याच्या जागी आला. करारातून मोकळे होण्यासाठी रफिनने कंपनीवर दावा लावला, कंपनीने उलट दावा केला आणि तडजोडीत तो मोटाउनमध्येच राहिला. म्हणजे ज्या कंपनीतून त्याला बाहेर पडायचे होते, तिच्यासाठीच त्याने हे सातही अल्बम गायले. संच ऐकताना ही गोष्ट विसरू नये.

एकल कारकिर्दीची सुरुवात मात्र जोरात झाली. ‘माय होल वर्ल्ड एंडेड’ हे गाणे १९६९ च्या आरंभी सिंगल (एका मुख्य गाण्याची छोटी तबकडी) म्हणून निघाले. हार्वे फुक्वा व जॉनी ब्रिस्टल हे त्याचे निर्माते. गीतलेखनात त्यांच्यासोबत पॅम सॉयर आणि जेम्स रोच. ते बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या मुख्य यादीत नवव्या, तर रिदम अँड ब्लूज यादीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले. याच नावाचा अल्बम रिदम अँड ब्लूज अल्बमांच्या यादीत पहिला आला. हे गाणे मुळात टेम्प्टेशन्ससाठी योजले होते, असे वारंवार सांगितले जाते. कथन असंभाव्य नाही, कारण मोटाउनमध्ये एकच गाणे अनेक गायकांकडून गाऊन घेण्याचा रिवाजच होता. तथापि गाण्याची उंच पट्टी आणि शेवटाकडे गायकाला एकट्याने ताणत नेणारी चाल पाहता, आज ऐकू येते ती बांधणी रफिनच्या गळ्याचा विचार करूनच झाली असावी, हे मत अधिक पटते.

संचाच्या रचनेतील खरा प्रश्न कालक्रमाचा आहे. ‘फीलिन गुड’नंतर क्रम एकदम १९७३ वर उडी घेतो. मधली वर्षे रिकामी नव्हती. १९७० मध्ये डेव्हिड व जिमी या भावांचा ‘आय अ‍ॅम माय ब्रदर्स कीपर’ हा अल्बम मोटाउनच्याच सोल या उपलेबलवर निघाला. दोघांच्या नावावर असल्यामुळे ‘सोलो’ या शीर्षकाखाली तो न घेणे तर्काला धरून आहे. दुसरे वगळणे अधिक गुंतागुंतीचे. १९७०–७१ च्या सुमारास ‘डेव्हिड’ या नावाचा एक पूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित झाला होता. त्यात जॅक्सन फाइव्हचे ‘आय वाँट यू बॅक’ आणि ‘रेनी नाइट इन जॉर्जिया’ या परिचित गाण्यांच्या रफिनच्या आवृत्त्या होत्या. त्यातील काही गाणी सिंगलवर आली, पण अल्बम कंपनीने बाजूला ठेवला. २००४ मध्ये हिप-ओ सिलेक्टनेच तो प्रथम प्रसिद्ध केला, म्हणजे या संचाच्या केवळ एक वर्ष आधी. त्यामुळे तो येथे पुन्हा न घेण्यामागे सांगीतिक कारणापेक्षा प्रकाशनाचे वेळापत्रक असावे.

अल्बम का अडला, याविषयी दोन मते आहेत. एका मताने रफिनची बेभरवशाची वागणूक आणि व्यसनाधीनता यांमुळे कंपनीने हात आखडता घेतला. दुसऱ्या मताने आधी निघालेली सिंगल्स विकली गेली नाहीत आणि त्या काळी अल्बम काढायचा की नाही हे सिंगलच्या खपावर ठरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तरी मोटाउनचा त्या वर्षांतील व्यवहार पाहिला तर दुसरे कारण अधिक वजनाचे वाटते. शिस्तीने वागणाऱ्या कलावंतांचेही पुरे झालेले ध्वनिमुद्रण या कंपनीच्या कपाटात मोठ्या प्रमाणात पडून राहिले होते. कंपनीचे लॉस एंजेलिसला झालेले स्थलांतर (१९७२) हेही त्या मधल्या वर्षांतच येते. ते काही असो, १९६९ च्या तडफदार गायकापासून १९७३ च्या सावध, कथनपर गाणी निवडणाऱ्या गायकापर्यंतचा प्रवास समजायचा असेल तर ‘डेव्हिड’ पहिल्या खंडाच्या दोन तबकड्यांच्या मध्ये ठेवून ऐकावा लागतो. तो या संचाचा हरवलेला सांधा आहे.

रीमास्टर या शब्दाचा अर्थ येथे काटेकोर घ्यायला हवा. मल्टिट्रॅक टेपवरील वेगवेगळे आवाज पुन्हा एकत्र करणे म्हणजे रीमिक्स. रीमास्टरमध्ये मिश्रणाला हात लावला जात नाही. पूर्वीच पक्के झालेले स्टिरिओ मिश्रण ज्या टेपवर आहे, ती शक्य तितक्या मूळ अवस्थेत मिळवून, तिचे डिजिटल रूपांतर करून, पातळी व स्वरसंतुलन नव्या माध्यमासाठी ठरवले जाते. एलपी (विनाइलची मोठी तबकडी) कापताना तिच्या खाचेच्या मर्यादा पाळाव्या लागत. खर्ज फार असेल तर खाच रुंद होते, एका बाजूवर वेळ वाढला तर एकूण पातळी खाली आणावी लागते. म्हणून कापण्यासाठी वेगळी, खर्ज आवरलेली प्रत तयार केली जाई. १९८० च्या दशकातील अनेक सीडी अशा दुय्यम प्रतींवरून निघाल्या आणि त्यांचा आवाज पातळ आला. सीडीवर ही अडचण नाही. शिवाय सुमारे ८० मिनिटांच्या क्षमतेमुळे त्या काळचे दोन एलपी एका तबकडीवर बसतात. चार अल्बमांचा पहिला खंड दोन सीडींवर मावला तो यामुळेच.

मोटाउनच्या बाबतीत आणखी एक पेच येतो. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील स्टुडिओत १९६४–६५ च्या सुमारास आठ-ट्रॅक यंत्र आले. बास व गिटार यांचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरपुढे मायक्रोफोन न लावता थेट कन्सोलमध्ये (आवाज मिसळण्याच्या यंत्रात) घेतला जाई. जेम्स जेमर्सनचा बास इतका स्पष्ट ऐकू येतो, त्यामागे त्याच्या बोटांइतकाच या जोडणीचाही वाटा आहे. मात्र मिश्रण पक्के करताना ते मोटारीतल्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवर कसे वाजते हे तपासले जाई. परिणामी मधल्या स्वरपट्ट्यातील आवाज पुढे, खालचा पट्टा आखूड. आजच्या श्रोत्यासाठी बास वाढवावा की त्या काळचा तोल जपावा? जाणकारांत याबाबत एकमत नाही. सिंगलसाठीची मोनो मिश्रणे आणि अल्बमची स्टिरिओ मिश्रणे वेगळी असल्याने प्रश्न आणखी वाढतो. रेडिओवर लोकांनी ऐकले ते रूप प्रमाण, की अल्बमवरचे? हा संच नावाप्रमाणे अल्बमांचा असल्याने त्याचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

रफिनच्या आवाजाला हे सारे इतर गायकांपेक्षा अधिक लागू पडते. त्याचा आवाज टेनर, पण स्वच्छ नव्हे. वरच्या स्वरावर जाताना त्याला दाणा येतो, कडा फाटते आणि तिथेच गाणे जिवंत होते. टेपवरची सूं-सूं काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डिजिटल गाळण्या नेमक्या ज्या उच्च पट्ट्यात काम करतात, त्याच पट्ट्यात ही खरखर आणि शब्दांमधला श्वास असतो. अतिस्वच्छता केली तर सूं-सूं जाते आणि तिच्यासोबत रफिनही जातो. सत्तरच्या दशकातील टेपांचा प्रश्न निराळा. त्या काळच्या काही कंपन्यांच्या टेपांवरील बंधकद्रव्य ओलावा शोषून चिकट होते. अशी टेप वाजवण्यापूर्वी सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर काही तास भाजावी लागते. त्यानंतर ती थोड्या काळापुरतीच वाजवण्याजोगी राहते, तेवढ्यात रूपांतर उरकायचे.

१९७३ चा ‘डेव्हिड रफिन’ बॉबी मिलरच्या निर्मितीत झाला. ‘कॉमन मॅन’, ‘आय अ‍ॅम जस्ट अ मॉर्टल मॅन’ आणि ‘ब्लड डोनर्स नीडेड’ ही त्यातील गाणी या संचाचा सर्वांत मोलाचा भाग आहेत. प्रेमभंगाच्या ठरीव चौकटीबाहेर जाऊन साध्या माणसाच्या ओझ्याबद्दल रफिन येथे गातो आणि ओरडण्याऐवजी आवाज रोखून धरतो. प्रसिद्धीच्या वेळी या अल्बमची फारशी दखल घेतली गेली नाही. ‘कॉमन मॅन’चा अंश पुढे २००१ मध्ये रॅपर जे-झीच्या ‘नेव्हर चेंज’ या कान्ये वेस्टने बांधलेल्या गाण्यात वापरला गेला आणि नव्या पिढीचे कान तिकडे वळले. १९७४ चा अल्बम नॉर्मन व्हिटफील्डचा. टेम्प्टेशन्सच्या काळात ‘एन्ट टू प्राउड टू बेग’ रफिनकडून गाऊन घेणारा हाच निर्माता, पण येथे वाद्यमेळ गायकाच्या पुढे चालतो.

दुसऱ्या खंडाचा आधार ‘वॉक अवे फ्रॉम लव्ह’ हे चार्ल्स किप्सने लिहिलेले गाणे. निर्माता व्हॅन मॅकॉय. त्याच वर्षी, १९७५ मध्ये, मॅकॉयचे ‘द हसल’ नाचघरांत गाजत होते. रफिनचे हे गाणे रिदम अँड ब्लूज यादीत पहिले आले व मुख्य यादीत, पहिल्या एकल यशाप्रमाणेच, नवव्या स्थानी पोचले. ब्रिटनमध्ये ते पहिल्या दहांत होते. उरलेले दोन अल्बम याच मुलायम तंतुवाद्यांच्या वळणाने जातात.

या संचापूर्वी रफिनचे एकल काम मुख्यतः ‘अ‍ॅट हिज बेस्ट’ (१९७८), ‘द अल्टिमेट कलेक्शन’ (१९९८) अशा निवडक संग्रहांतून भेटे. तेथे दोन यशस्वी गाण्यांभोवती बाकीची विखुरलेली असत आणि १९७३ चा अल्बम सलग ऐकण्याची सोय नसे. टेम्प्टेशन्समधील त्याचा जोडीदार एडी केंड्रिक्स याचेही मोटाउन अल्बम याच लेबलने याच सुमारास, याच धर्तीवर दोन खंडांत काढले. भावांचा १९७० चा अल्बम २०१० मध्ये हिप-ओ सिलेक्टकडूनच वाढीव रूपात आला. ‘सो सून वी चेंज’ (१९७९) व ‘जंटलमन रफिन’ (१९८०) हे शेवटचे दोन एकल अल्बम वॉर्नर ब्रदर्ससाठी केलेले असल्याने या संचाच्या कक्षेत येत नाहीत. १९८७ चा अल्बम केंड्रिक्ससोबतचा आहे.