मेंदूतले हालचालीचे मार्ग

हात उचलायचा, पाय टाकायचा, जीभ हलवायची, हा हुकूम मेंदूकडून स्नायूपर्यंत ज्या मज्जातंतूंनी पोचतो त्यांना मोटर पाथवे किंवा प्रेरक मार्ग म्हणतात. मुख्य मार्ग कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट, मेंदूच्या सालीतून निघून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरणारा, दर बाजूला साधारण १० लाख तंतूंचा. पुस्तकांत बेट्झ पेशींचं नाव फार मोठं असतं, कीव्हच्या व्लादिमीर बेट्झने १८७४ मध्ये वर्णन केलेल्या त्या भल्यामोठ्या पेशी, पण या १० लाखांतले त्यांचे तंतू जेमतेम ३ टक्के, बाकीचे इतर लहान पेशींचे आणि तेही नुसत्या मोटर कॉर्टेक्समधले, म्हणजे सालीच्या हालचाल चालवणाऱ्या पट्ट्यातले, नाहीत, पुढच्या प्रीमोटर भागातून आणि मागच्या संवेदनेच्या भागातूनसुद्धा बरेच येतात.

मोटर कॉर्टेक्सवर शरीर उलटं मांडलेलं असतं, पाय वर मधल्या फटीत, मग हात, आणि चेहरा-जीभ खाली कानाच्या बाजूला. मेंदूचे सर्जन पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये जाग्या पेशंटांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श देऊन हे दाखवलं. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, पाय, हात आणि तोंड यांच्या पट्ट्यांमध्ये असे भाग सापडले की जे एकेक अवयव नाही तर अख्ख्या शरीराच्या कृतीची आखणी करतात असं दिसतं.

इथून सगळे तंतू खाली एकवटत येतात आणि इंटर्नल कॅप्सूलच्या, म्हणजे मेंदूच्या आतल्या तंतूंच्या अरुंद पट्ट्याच्या, मागच्या भागात दाटीवाटीने शिरतात. नवा पूल व्हायच्या आधी गोव्यात कुठ्ठाळीला झुआरी नदीच्या पुलावर सकाळच्या टायमाला जे व्हायचं तेच इथं, सगळी वाहतूक एका पट्टीत. म्हणून सालीवर छोटा स्ट्रोक (रक्तवाहिनी बंद पडणं किंवा फुटणं) आला तर कधीकधी नुसता हात जातो, पण तेवढाच स्ट्रोक कॅप्सूलमध्ये आला की तोंड, हात, पाय तिन्ही एकदम. याला रक्त देणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी बारीक, आणि वर्षानुवर्षं कंट्रोल नसलेलं बीपी नेमकं त्यांनाच खातं. पुढे मार्ग मेंदूच्या देठातून उतरतो आणि मेड्युलाच्या, म्हणजे देठाच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, तळाशी ८५ ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात, त्यामुळे उजव्या मेंदूचा मार डाव्या अंगावर दिसतो.

पण हालचाल म्हणजे फक्त हाच एक मार्ग असं समजू नये. लॉरेन्स आणि कायपर्स यांनी १९६८ मध्ये माकडांचे दोन्ही बाजूंचे पिरॅमिड, म्हणजे मेड्युलातून जाणारे हेच मुख्य मार्ग, तोडले, तरी ती माकडं काही काळाने चालली, चढली, उड्या मारल्या, फक्त एकेक बोट वेगळं हलवून खाचेतला खाऊ उचलणं त्यांना जमेना. उभं राहणं, तोल, खांदा, कंबर ही कामं देठातून येणारे जुने मार्गही करतात आणि ते बऱ्यापैकी दोन्ही बाजूंना जातात. बोटांना तसा आधार जवळजवळ नाहीच. स्ट्रोकनंतर माणूस काठी घेऊन चालायला लागतो पण शर्टाचं बटण लागत नाही ते यामुळेच.

दोन हातांना दोन वेगळी कामं देणं तर आणखी अवघड, कारण दोन्ही अर्ध्या मेंदूंची सांगड सप्लिमेंटरी मोटर एरिया (सालीचा हालचालीची आखणी करणारा भाग) आणि कॉर्पस कॅलोसम (दोन्ही अर्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा) घालतात आणि त्यांचा कल दोन्ही हात सारखे चालवण्याकडे असतो. आपल्या गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरायचे असं सांगतात, ते कान आणि रियाजाचं काम तर होतंच पण मेंदूच्या दृष्टीनेही चकित करणारं आहे.

आजारांत सगळ्यात जास्त भेटतो तो अर्धांगवायू, बहुतेक वेळा स्ट्रोकमुळे आलेला. गावात अजून "अंगावरनं वारं गेलं" म्हणतात आणि तेल चोळायला बसतात. बिघाड हातात नसतो, डोक्यात असतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावातून, नाहीतर पलीकडे दोडामार्गातून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पोचायलाच किती वेळ जातो ते आपल्याला माहीत आहे, त्यात सकाळभर मालीश केली तर संपलंच. तोंड वाकडं झालं तर कपाळ बघावं: मेंदूतल्या बिघाडात कपाळाला आठ्या बहुतेक पडतात कारण तिथं दोन्ही बाजूंचे तंतू येतात, चेहऱ्याच्या नसेच्या बेल्स पाल्सीत पडत नाहीत. अर्थात हे घरी ठरवत न बसता १०८ लावावा.

स्ट्रोकमध्ये सुरुवातीला अंग लुळं असतं, नंतर ताठरतं, कोपर दुमडतं, पाय सरळ राहतो. तळवा घासला की अंगठा वर जातो, ही बाबिन्स्कीची १८९६ ची खूण. तान्ह्या बाळातही ती दिसते आणि नॉर्मल असते, कारण त्याच्या तंतूंवर मायलिनचं आवरण पुरतं चढलेलं नसतं. पार्किन्सन हा वेगळा प्रकार, तिथं मार्ग शाबूत असतो पण मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियात डोपामिन हे रसायन कमी पडतं.

ऑपरेशनमध्ये ट्यूमर काढण्यापेक्षा हा मार्ग राखणं जास्त कठीण. एमआरआयमधल्या डीटीआय तंत्राने तंतू रंगीत दिसतात, पण ते चित्र पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून काढलेला अंदाज असतो, खरे तंतू नव्हेत, आणि कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो तो वेगळाच. म्हणून सर्जन चालू ऑपरेशनमध्ये विजेने तपासत जातात. ढोबळ हिशोब असा की १ मिलीअँपिअरला स्नायू हलला तर मार्ग साधारण १ मिलीमीटरवर आहे, मग तिथं थांबायचं. या वेळी स्नायू ढिले करणारं औषध चालत नाही, नाहीतर काही हलणारच नाही. कधी पेशंटला जागं ठेवून हात हलवायला सांगतात, मेंदूला स्वतःला दुखत नाही, कातडी आणि मेंदूवरचं आवरण बधिर करावं लागतं.

एक गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगायला हवी आणि बरेचदा सांगायची राहते: सप्लिमेंटरी मोटर एरियातला ट्यूमर काढल्यावर पेशंट एका बाजूने हलत नाही, कधी बोलतही नाही, घरचे हादरतात. पण मुख्य मार्ग शाबूत असेल तर ही ताकद काही आठवड्यांत, कधी महिन्यांत बरीचशी परत येते, दोन हातांची बारीक सांगड मात्र पुढेही थोडी कच्ची राहू शकते.