कार्ड-बेसबॉल लीगमधील ऑल-स्टार निवड आणि मालिका: पात्रता, कागदपत्रे आणि मतपत्रिका भरण्याची पद्धत

स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कार्ड आणि फाशांच्या बेसबॉल खेळाच्या लीगमध्ये निम्मा हंगाम संपत आला की कमिशनरकडून, म्हणजे लीग चालवणाऱ्याकडून, प्रत्येक मॅनेजरला ऑल-स्टार मतपत्रिका येते. लीगच्या दोन गटांतून या मतांनी उत्तम खेळाडूंचा एकेक संघ निवडला जातो आणि ते दोन संघ एकमेकांशी खेळतात. मतपत्रिकेतल्या बऱ्याच नोंदी छाननीत बाद होतात, आणि कारण बहुधा एकच असते: मॅनेजरने चुकीचा आकडा पाहून मत दिलेले असते.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात. हॅल रिचमन यांनी 1961 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा खेळ बाजारात आणला. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) खऱ्या हंगामातल्या कामगिरीवरून प्रत्येक खेळाडूचे कार्ड बनते. फलंदाजाच्या कार्डावर 1, 2, 3 हे स्तंभ असतात आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) कार्डावर 4, 5, 6. एका फाशाने स्तंभ ठरतो, दोन फाशांच्या बेरजेने ओळ ठरते आणि गरज पडली तर वीस बाजूंचा फासा निकाल पक्का करतो. म्हणजे फलंदाजाच्या कार्डावर 108 शक्यता आणि पिचरच्या कार्डावर 108. शाळेत वही उघडून पानाच्या शेवटच्या आकड्यावर बुक क्रिकेट खेळलेल्यांना ही गंमत लगेच कळेल. फरक इतकाच की इथे प्रत्येक पान एका विशिष्ट माणसाचे असते.

लीगचे नियमपत्र लीगचे सभासदच ठरवतात, त्यामुळे पुढे दिलेल्या मर्यादा तुमच्या लीगमध्ये थोड्या वेगळ्या असू शकतात. तिथे तुमचे नियमपत्रच ग्राह्य धरा. पद्धतीमागची कारणे मात्र सगळीकडे सारखी लागू पडतात.

कोणता आकडा धरायचा

एका खेळाडूचे तीन हिशेब एकाच वेळी समोर असतात. पहिला खऱ्या मैदानावरचा चालू हंगाम, दुसरा कार्डावर छापलेला मागचा हंगाम आणि तिसरा तुमच्या लीगमध्ये फासे टाकून झालेली कामगिरी. ऑल-स्टार निवडीला तिसरा हिशेबच धरायचा. 2025 च्या कार्डांवर खेळणाऱ्या लीगमध्ये एखाद्या फलंदाजाने 2026 च्या एप्रिलमध्ये खऱ्या मैदानावर कितीही होम रन मारले तरी इथे त्याचा काही संबंध नाही. कार्ड उत्तम आहे म्हणून मत देणे हीसुद्धा चूकच. कार्ड म्हणजे अपेक्षा, आणि निवड व्हायची ती प्रत्यक्ष झालेल्या कामगिरीची. चांगल्या कार्डाचे फासे निम्मा हंगाम वाईट पडू शकतात. तसे झाले असेल तर त्याची जागा दुसऱ्याची, हे मान्य करावे लागते.

कार्ड पाहायचे ते दोनच गोष्टींसाठी: खेळाडू कोणत्या जागेवर उभा राहू शकतो, आणि खऱ्या हंगामात तो किती खेळला होता.

पात्रता

मेजर लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीच्या क्रमवारीसाठी संघाच्या दर सामन्यामागे 3.1 प्लेट अपिअरन्स (फलंदाजीला उतरण्याच्या खेपा) लागतात, म्हणजे 162 सामन्यांना 502. निम्म्या हंगामाला, 81 सामन्यांना, तो आकडा 251 होतो. ऑल-स्टारसाठी इतकी कडक अट लावू नये. कार्डाला साधी आणि प्रगत अशा दोन बाजू असतात, आणि प्रगत बाजूवर डावखुऱ्या आणि उजव्या पिचरविरुद्धचे निकाल वेगळे छापलेले असतात. त्यामुळे फक्त उजव्या पिचरविरुद्ध उतरवला जाणारा खेळाडू 251 पर्यंत न पोचताही संघाचा खरा आधार असू शकतो. दर सामन्यामागे 2, म्हणजे 81 सामन्यांना 162, ही रेष योग्य वाटते. सुरुवातीच्या पिचरला दर सामन्यामागे एक इनिंग, म्हणजे 81 इनिंग्ज, आणि रिलीफ पिचरला (सामन्याच्या मध्येच बदली येणाऱ्याला) 20 सामने पुरेत.

अट अगदीच सैल ठेवली तर काय होते, ते नीट समजून घ्या. खऱ्या हंगामात जेमतेम 40 प्लेट अपिअरन्स मिळालेल्या एखाद्या नवख्याने त्यात पाच होम रन मारलेले असतात. त्याचे कार्ड राक्षसी बनते. म्हणूनच बहुतेक लीग प्रत्येक कार्डाचा वापर खऱ्या प्लेट अपिअरन्सच्या 100 ते 110 टक्क्यांपुरता बांधून ठेवतात. ऑल-स्टार मालिकेचे सामने सहसा या हिशेबात धरत नाहीत, आणि पळवाट नेमकी इथेच तयार होते. हंगामात 44 च्या वर न वापरता येणारे कार्ड सात सामन्यांच्या मालिकेत 28 वेळा प्लेटवर येऊ शकते. लीगमधल्या वापराची किमान अट ही पळवाट आपोआप बंद करते.

हंगामभराचा वापर पहिल्याच अर्ध्यात उडवलेल्या कार्डांकडेही लक्ष हवे. खऱ्या हंगामातले 240 प्लेट अपिअरन्स आणि 110 टक्के मर्यादा धरली तर 264 मिळतात. 81 सामन्यांनंतर त्यातले 250 संपले असतील तर खेळाडू पात्र ठरतो, पण उरलेल्या हंगामात तो बाकावरच बसणार. नियमात बसत असले तरी मतदारांना हे ठाऊक असले पाहिजे. कमिशनरने यादीत अशा नावापुढे खूण करावी.

जागेची अट दुहेरी आहे. त्या जागेचे क्षेत्ररक्षण रेटिंग कार्डावर छापलेले हवे, आणि लीगमधले त्याचे सर्वाधिक सामनेही त्याच जागेवरचे हवेत. कार्डावर फक्त लेफ्ट फील्ड असलेला फलंदाज सेकंड बेसच्या रकान्यात लिहिला तर ते मत मोजू नये. ते आपोआप लेफ्ट फील्डला वळवूही नका, कारण तिथे त्या मॅनेजरने आधीच दुसरे नाव दिलेले असू शकते.

क्षेत्ररक्षणाचे रेटिंग 1 ते 5 असते आणि 1 सर्वांत चांगले. पिचरच्या कार्डावरच्या 108 शक्यतांपैकी 7 थेट शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या) रेटिंगवर जातात, 6 सेकंड बेसच्या आणि 3 सेंटर फील्डच्या. फर्स्ट बेसला फक्त 2. शॉर्टस्टॉपसाठी मत देताना निव्वळ होम रन मोजणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी करावा.

कागदपत्रे

कमिशनरने मतपत्रिकेबरोबर कट-ऑफ तारखेपर्यंतचा आकडेवारीचा अहवाल, वापराचा अहवाल आणि त्याच तारखेची संघयादी द्यायची असते. तिन्हींची तारीख एकच हवी. आकडेवारी रविवारची आणि संघयादी बुधवारची असली की मधल्या अदलाबदलीतला खेळाडू दोन्ही गटांत दिसतो. खऱ्या मैदानावरही हा पेच आला होता: 2004 च्या जूनमध्ये कार्लोस बेल्ट्रान अमेरिकन लीगमधल्या कॅन्सस सिटीकडून तेव्हा नॅशनल लीगमध्ये असलेल्या ह्यूस्टनला गेला आणि ऑल-स्टार सामना नॅशनल लीगकडून खेळला. कार्ड-लीगमध्ये सोपा नियम पुरतो: कट-ऑफच्या दिवशी खेळाडू ज्या गटात असेल, त्याच गटाचा.

मॅनेजरने परत पाठवायचे ते दोनच कागद: भरलेली मतपत्रिका आणि आपल्या संघाचे राहिलेले सामने खेळून झाल्याचे निकालपत्र. दुसरा कागद बरेच जण विसरतात. एखाद्या संघाचे सहा सामने बाकी असतील तर त्याच्या खेळाडूंचे एकूण आकडे कमी दिसतात आणि मते इतरांकडे जातात.

मतपत्रिका कशी भरायची

प्रत्येक जागेला एक नाव, आउटफिल्डला तीन, एक डीएच (फक्त फलंदाजी करणारा), पाच सुरुवातीचे पिचर आणि तीन रिलीफ पिचर. मत फक्त आपल्या गटातल्या खेळाडूंना द्यायचे. नावासोबत संघाचे संक्षिप्त नाव लिहा, कारण एकाच आडनावाचे दोन खेळाडू असतात आणि नुसते आडनाव लिहिलेले मत बाद करण्यावाचून पर्याय राहत नाही. रकाना रिकामा ठेवू नका.

स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत देता येत नाही, ही अट जवळजवळ सगळीकडे आहे आणि ती हवीच. खऱ्या मेजर लीगमध्ये 1957 साली सिनसिनाटीच्या प्रेक्षकांनी मतपत्रिकांचा असा पाऊस पाडला की नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या संघात सिनसिनाटीचेच सात जण आले. मेजर लीगचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी त्यांतले दोघे काढून दुसऱ्या संघांतल्या विली मेझ आणि हँक आरोन यांना घेतले. पुढे 1970 पर्यंत प्रेक्षकांचा मताधिकारच गेला.

पण या अटीतून एक बारीक अन्याय होतो आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गटात 12 मॅनेजर आहेत असे धरा. सगळ्यांनी मतपत्रिका पाठवली तर प्रत्येक खेळाडूला जास्तीत जास्त 11 मते मिळू शकतात. एकाने पाठवलीच नाही, तर त्याच्या खेळाडूंना अजूनही 11 मते मिळू शकतात, पण बाकी सगळ्यांची कमाल 10 वर येते. म्हणजे आळस करणाऱ्याच्याच संघाचा फायदा! उपाय सोपा आहे. मिळालेल्या मतांना, त्या खेळाडूला मत देण्यास पात्र असलेल्या जमा मतपत्रिकांनी भागा आणि टक्केवारी लावा. 10 पैकी 9 म्हणजे 90 टक्के, 11 पैकी 9 म्हणजे 82 टक्क्यांच्या आसपास. बरोबरी झाल्यास लीगमधले जास्त प्लेट अपिअरन्स असलेला पुढे.

संघ पूर्ण करणे

मतांनी सुरुवातीचे नऊ आणि पिचर ठरतात. राखीव जागा गटाचा ऑल-स्टार मॅनेजर भरतो. हा मान सहसा कट-ऑफच्या दिवशी गटात अव्वल असलेल्या संघाच्या मॅनेजरकडे जातो. प्रत्येक संघाचा किमान एक खेळाडू हवा, हा मेजर लीगचा नियम कार्ड-लीगनेही ठेवावा. तळातल्या संघाच्या मॅनेजरला ऑगस्टमध्येही वेळेवर निकाल पाठवावेसे वाटायला हवेत, आणि त्याला आपले एक नाव मालिकेत दिसले तर ते वाटते. फक्त ही जागा राखीव खेळाडूंतून भरा, मतांनी निवडलेल्याला काढून नव्हे. सोयीचे म्हणजे अशा संघाकडून रिलीफ पिचर घेणे. वाईट संघातही एखादा चांगला रिलीफ पिचर असतोच, आणि मालिकेत त्याला काम मिळते.

25 जणांच्या संघात दोन कॅचर, शॉर्टस्टॉपचे रेटिंग असलेले दोघे, सेंटर फील्डचे दोघे आणि 10 पिचर असल्याची खात्री करूनच यादी जाहीर करा. मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात शॉर्टस्टॉपची दुखापत निघाली आणि दुसरा शॉर्टस्टॉपच नाही, असे झाले तर त्याला यादी करणारा जबाबदार असतो, फासे नाहीत. काही लीग मालिकेत दुखापतीचे निकाल बंद ठेवतात. ते मालिका सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवा.

एक सामना की मालिका

एका सामन्यात फाशांचाच आवाज मोठा असतो. एक गट दुसऱ्यापेक्षा थोडा सरस आहे आणि कोणत्याही एका सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता 55 टक्के आहे, असे समजा. तीन सामन्यांच्या मालिकेत ती 57.5 टक्के होते, सात सामन्यांच्या मालिकेत 61 च्या आसपास. म्हणजे सात सामन्यांनीही श्रेष्ठत्व सिद्ध होते असे नाही. मालिकेचा खरा फायदा वेगळा आहे: पाचही सुरुवातीचे पिचर पूर्ण ताकदीने खेळतात आणि राखीव खेळाडूंना डावे-उजवे पाहून उतरवता येते. एकाच सामन्यात सगळ्यांना खेळवण्याच्या हट्टापायी 2002 मध्ये मिलवॉकीतल्या मेजर लीगच्या ऑल-स्टार सामन्यात दोन्ही संघांचे पिचर संपले आणि सामना 11 इनिंग्जनंतर 7-7 असा सोडून द्यावा लागला. वेळ असेल तर सात सामने खेळा, नसेल तर तीन.

मालिकेसाठी ऑल-स्टार मॅनेजरने सूचनापत्र द्यायचे असते: उजव्या पिचरविरुद्धची फलंदाजीची क्रमवारी, डाव्या पिचरविरुद्धची वेगळी क्रमवारी, पिचरांचा क्रम, रिलीफ पिचरांचा क्रम, आघाडी असताना क्षेत्ररक्षणासाठी कुणाला उतरवायचे, आणि बेस चोरण्याची परवानगी कुणाला. एकच क्रमवारी पाठवली तर डावखुऱ्या पिचरसमोर त्याच्याविरुद्ध सहसा कमी पडणारे तुमचे डावखुरे फलंदाजच उभे राहतील, किंवा संगणकावर खेळत असाल तर संगणकाचा मॅनेजर त्याच्या मनाने संघ लावेल. एका पिचरला एकदा सुरुवातीला घेतल्यावर पुढचे चार सामने विश्रांती, हे सूचनापत्रातच लिहा.

मैदान तटस्थ ठेवा. प्रगत नियमांत मैदानाचे सिंगल आणि होम रनचे आकडे वीस बाजूंच्या फाशावर लागू होतात, डाव्या-उजव्या फलंदाजांना वेगवेगळे. होम रन भरपूर होणारे डेन्व्हरचे मैदान घेतले तर पिचरांची निवड वाया जाते. दोन्ही हातांना मधले आकडे असलेले मैदान निवडा आणि सातही सामने तिथेच खेळवा.

सर्व सामने एकाच हंगामाच्या कार्डांवर आणि कार्डाच्या एकाच बाजूने खेळायचे. निकाल पाठवताना प्रत्येक सामन्याचे पूर्ण धावपत्रक जोडा आणि मालिकेची आकडेवारी हंगामाच्या फाइलमध्ये मिसळू देऊ नका. संगणकावर खेळत असाल तर मालिका सुरू करण्यापूर्वी लीगच्या फाइलची प्रत वेगळी काढून ठेवा. मालिकेतले प्लेट अपिअरन्स एकदा वापराच्या हिशेबात शिरले, की ते हाताने वजा करण्यात कमिशनरचा अख्खा आठवडा जातो.